अण्णांचा चष्मा टेबलावर राहिला

टेबलाखालचा बॉम्ब पटकथा शिकणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच आठवड्यात भेटतो. थरारपटांचा दिग्दर्शक हिचकॉकने 1962 साली फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रूफोला दिलेल्या लांबलचक मुलाखतीतला हा दाखला. दोघंजण टेबलाशी गप्पा मारत बसलेत आणि अचानक स्फोट होतो. प्रेक्षक पंधरा सेकंद दचकतो, संपलं. आता तोच बॉम्ब ठेवताना प्रेक्षकाने पाहिलाय, एक वाजता तो फुटणार हे त्याला माहीत आहे आणि भिंतीवरच्या घड्याळात पाऊण वाजलाय. मग त्याच कंटाळवाण्या गप्पा त्याला पंधरा मिनिटं जीव मुठीत धरून ऐकाव्या लागतात.

ऐकलं की लगेच पटतं. कागदावर उतरवायला घेतलं की मात्र दाखल्यात नसलेले प्रश्न एकेक करून उभे राहतात. बॉम्ब कधी दाखवायचा? प्रेक्षकाशिवाय आणखी कुणाला माहीत असू द्यायचा? आणि फुटू द्यायचा का? शेवटच्या प्रश्नाने खुद्द हिचकॉकलाही चकवलं होतं. 1936 च्या ‘सॅबोटाज’मध्ये त्याने एका लहान मुलाच्या हातात बॉम्ब दिला आणि बसमध्ये तो फोडला. प्रेक्षक चिडले, आणि ती चूकच होती हे त्याने त्याच मुलाखतीत मान्य केलं.

मी लिहीत असलेल्या पटकथेची गोष्ट तालुक्याच्या गावातल्या एका पतसंस्थेत घडते. पिग्मी एजंट बेपत्ता झालाय. रोज संध्याकाळी दुकानदारांकडून शंभर-दोनशे रुपये गोळा करणारा साधा माणूस. कॅशियर सुलभाला संशय आहे की सोनेतारण कर्जाच्या पाकिटांत खरं सोनं नाहीच, आणि एजंटाला ते कळलं होतं. चेअरमन अण्णा गावातलं मोठं प्रस्थ. सुरुवातीला मी हा सरळसरळ ‘कोण?’ प्रकारचा सिनेमा म्हणून लिहीत होते. शेवटच्या दहा पानांत अण्णांचा मुखवटा उतरायचा. तोवर शिपाई, मॅनेजर, मूल्यांकन करणारा सराफ, सगळ्यांवर आळीपाळीने संशय.

पटकथेत साधारण एक पान म्हणजे पडद्यावर एक मिनिट. त्यातलं एकच पान इथे उलगडून सांगते, कारण खरं शिक्षण त्या पानावर झालं. मार्चअखेर आहे, तपासणीसाठी पाकिटं तिजोरीबाहेर काढलेली आहेत. रात्री सुलभा एकटी थांबते आणि एक पाकीट फोडते. पहिल्या खर्ड्यात ती बांगडी उजेडात धरते, कानशीने घासते, आतलं पितळ दिसतं आणि मागून खांद्यावर हात पडतो. अण्णा! वर्कशॉपमध्ये वाचल्यावर एकजण खरंच दचकला. पण पान उलटल्यावर दृश्यात काहीच शिल्लक राहत नव्हतं. अण्णा काय बोलतील, ती काय सांगेल, सगळं त्या एका हाताने खाऊन टाकलं होतं.

दुसऱ्या खर्ड्यात पाकीट फोडायच्या आधीच अण्णांचा चष्मा टेबलावर राहिलेला दिसतो. मग बाहेर, अण्णा स्कूटर थांबवून खिसे चाचपतात आणि मागे वळतात. आता सुलभा जे जे करेल ते प्रेक्षकाला नको नको होतं. आणि ती घाई करत नाही, कारण तिला घाई करायचं कारणच ठाऊक नाही. बांगडीचं पितळ पाहून झालं, आता पाकिटाला पुन्हा सील लावायचंय. लाखेची कांडी मेणबत्तीवर धरायची, थेंब नेमका जुन्या डागावर पडला पाहिजे, वर पितळी शिक्का. लाख लवकर वितळत नाही. वितळली तर ओघळते. जिन्यावर चपला वाजतात. मी या सीलवर जवळजवळ पूर्ण पान खर्च केलं आणि त्यात एकही संवाद नाही.

अण्णा येतात तेव्हा पाकीट जागेवर आहे. पण खोलीत लाखेचा वास आहे. आता वास पडद्यावर कसा दाखवायचा? पटकथेत दिसतं आणि ऐकू येतं तेवढंच लिहिता येतं. ‘खोलीत लाखेचा वास भरून राहिला आहे’ हे वाक्य कादंबरीत चालेल, इथे कॅमेरामन तुमच्याकडे बघत राहील. म्हणून अण्णा नाक फेंदारतात आणि विचारतात, “कसला वास गं?” ती म्हणते, “उदबत्ती लावली होती, अण्णा.” अण्णा कोपऱ्यातल्या लक्ष्मीच्या फोटोकडे बघतात. उदबत्तीचं घर रिकामं आहे. चष्मा उचलतात, तिच्या मुलीच्या बारावीच्या अभ्यासाची चौकशी करतात आणि जातात. त्यांना कळलं की नाही, हे प्रेक्षकालाही सांगितलेलं नाही.

हे पान जमल्यावर बाकीची पटकथा मलाच बेचव लागायला लागली. कारण या पानाचा सगळा ताण अण्णांबद्दल आधीपासून काहीतरी ठाऊक असण्यावर उभा होता, आणि मी तर अण्णांना शेवटपर्यंत सज्जन ठेवणार होते! मग मी भिंतीवर एक मोठा कागद चिकटवला. आडवे सगळे सीन, उभे चार रकाने: प्रेक्षक, सुलभा, अण्णा, पोलिस. प्रत्येक चौकटीत एवढंच लिहायचं की या घडीला याला काय माहीत आहे. जिथे चारही चौकटी सारख्या होत्या ते सीन नुसते माहिती देत होते. त्यातले बरेच उडवले. जिथे प्रेक्षकाची चौकट सुलभापेक्षा भरलेली होती तिथे जीव टांगणीला लागत होता. जिथे ती अण्णांपेक्षा रिकामी होती तिथे कुतूहल होतं. दोन्ही लागतात, पण एकाच प्रश्नावर दोन्ही लावता येत नाहीत.

म्हणून अण्णाच सूत्रधार आहेत हे मी पंचविसाव्या पानावर सांगून टाकलं. सोबतचे लेखक म्हणाले, “मग उरलं काय?” अशा वेळी मोठ्या माणसाचा आधार बरा पडतो. 1958 चा ‘व्हर्टिगो’ ज्या फ्रेंच कादंबरीवरून घेतला, तिच्यात नायिकेचं रहस्य शेवटाला उलगडतं. हिचकॉकने ते बऱ्याच आधी, नायक अंधारात असतानाच प्रेक्षकाला सांगितलं. तेवढ्या लांब कशाला, ‘दृश्यम’ घ्या. जीतू जोसेफचा मूळ मल्याळम 2013 चा, निशिकांत कामतचा हिंदी 2015 चा. खून कुणी केला, का केला, कुटुंब काय खोटं बोलतंय, सगळं आपल्या डोळ्यांसमोर घडतं. 2 ऑक्टोबरच्या सत्संगाची थाप तर आपण त्यांच्यासोबतच पाठ करतो, म्हणून तर दर वर्षी त्या तारखेला विनोद फिरतात. राखून ठेवलेली गोष्ट एकच, आणि ती काय हे पाहिलेल्यांना माहीत आहे. मी हाच हिशेब धरला: ‘कोण’ देऊन टाकायचं आणि ‘त्या रात्री एजंट विहिरीवर का गेला’ एवढं राखायचं.

संशयाची खोटी दिशा द्यायला ठेवलेल्या पात्रांचं काय करायचं, हे लवकर सुटलं. शिपाई खोटं बोलतो कारण त्याने बायकोला न सांगता तिचे दागिने तारण ठेवलेत. त्याला लपवायला स्वतःचं काहीतरी मिळालं आणि तो उगाच संशयास्पद चेहरे करायचा थांबला.

पोलिसांचा भाग मात्र मला अजिबात येत नव्हता. आमच्या सोसायटीत एक निवृत्त फौजदार राहतात, त्यांना वाचायला दिलं. त्यांनी चहा संपायच्या आत विचारलं, “अगं, विहिरीत बॉडी सापडली आणि थेट अटक? अकस्मात मृत्यूची नोंद कुठंय? पंचनामा?” मग त्यांनी सगळं क्रमाने सांगितलं. आधी अकस्मात मृत्यू, म्हणजे नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 194; 1 जुलै 2024 च्या आधी हेच सीआरपीसीचं, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं 174. दोन पंच, पंचनामा, शवविच्छेदन. माणूस पाण्यात बुडून मेला की मेल्यावर पाण्यात टाकला, याचा शोध घ्यायला डायटम टेस्ट करतात: पाण्यातली सूक्ष्म शैवालं हाडाच्या मगजात पोहोचलीत का, ते बघायचं. त्यासाठी विहिरीच्या पाण्याचं सँपलही पाठवावं लागतं. प्रयोगशाळेचा अहवाल लगेच येत नाही. आणि अटक केलीच, तर प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावं लागतं.

मला बॉम्बसारखी वेळ मोजणारी घड्याळं हवी होती आणि फौजदारकाकांनी फुकटात दोन दिली: अहवालाची वाट आणि अटकेनंतरचे चोवीस तास. तिसरं मीच शोधलं: पतसंस्थेसमोरच्या मेडिकलवाल्याचा सीसीटीव्ही. डीव्हीआरची, म्हणजे त्याचं रेकॉर्डिंग साठवणाऱ्या डब्याची, डिस्क भरली की जुन्या रेकॉर्डिंगवर नवं चढतं. बॉम्बपेक्षा हे बरं. टिकटिक वाजत नाही, आणि गावात असा डीव्हीआर प्रत्येकाने पाहिलेला असतो.

नॅरेशन द्यायला, म्हणजे निर्मात्याला पटकथा वाचून दाखवायला अंधेरीत गेले तेव्हा निर्मात्याने कुठल्या सीनला मोबाइल उचलला, तिथे मी कागदाच्या कडेला पेन्सिलने टिंब करत होते. टिंबं बहुतेक अशाच ठिकाणी होती जिथे पात्रं एकमेकांना आपल्याला आधीच ठाऊक असलेलं सांगत होती. लाखेच्या पानावर टिंब नव्हतं. त्यांची तक्रार वेगळीच निघाली: विहिरीचा सीन रात्रीचा नको, लाइट आणि जनरेटर महाग पडतात, दिवसा करा.

आधी राग आला. नंतर दुपारची विहीर लिहायला घेतली. दुपारी गर्दी जमते, त्यात सुलभा असते, अण्णाही पुढाऱ्यासारखे पुढे असतात. हवालदार पाण्याची बाटली भरतो, पंचांच्या सह्यांची चिठ्ठी लावतो आणि सील करायला काडी पेटवून लाख वितळवतो. धूर वर येतो. अण्णा नाक फेंदारतात. मग सावकाश मान वळवून गर्दीत सुलभाला शोधतात. ती बॉडीकडे बघतेय, तिला यातलं काहीच कळलेलं नाही. इथे इंटरव्हल.

काकांनी यावरही शंका काढली: पतसंस्थेचा चेअरमन, त्याला लाखेचा वास त्या रात्रीच कसा ओळखू आला नाही? रास्त होती. म्हणून आता पहिल्याच सीनमध्ये अण्णा फक्त मीटिंगला आणि हार घालायला येतात, पाकिटांना हात मॅनेजर आणि सराफच लावतात. दिग्दर्शकाचं म्हणणं याच्या उलट आहे. विहिरीवर अण्णांनी “उदबत्ती” एवढा एक शब्द पुटपुटावा, नाहीतर मागच्या रांगेतल्यांना समजणार नाही. मी तो शब्द अजून लिहिलेला नाही. पुढच्या मीटिंगला पुन्हा तोच वाद होणार आहे.