कौनासचं लग्न: लिथुआनियात चारचौघांत वावरताना

लिथुआनियात कुणाच्या घरी गेलात तर दारातच हात पुढे करू नका. एक जण उंबरठ्याच्या आत आणि दुसरा बाहेर अशा अवस्थेत हात मिळवला तर दोघांत भांडण होतं, अशी तिथली समजूत आहे. यजमान एकतर स्वतः बाहेर येतो किंवा तुम्हाला आत घेतो आणि मगच हात मिळवतो. उंबरठ्यावर उभं राहून देणंघेणं करू नये, हे ऐकतच आपण वाढलो, त्यामुळे आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही.

नवऱ्याच्या जुन्या सहकाऱ्याचं लग्न कौनासला होतं, म्हणून ऐन जुलैत आम्ही तिथे जाऊन आलो. किल्ले आणि चर्च यांची माहिती कुठेही मिळते. पण आहेर काय करायचा, कुणाला काय म्हणून हाक मारायची, हे कुणी सांगत नाही. तुमच्यापैकी कुणाला असं बोलावणं आलं तर उपयोगी पडावं म्हणून हे लिहून ठेवते.

प्रवासाचं थोडक्यात: शेंगेन व्हिसा लागतो. यजमानाचं निमंत्रणपत्र आधीच मागून घ्या. भारतातून थेट विमान नाही, कुठेतरी बदलून व्हिल्न्यूसला उतरायचं. तिथून कौनास साधारण 100 किलोमीटर, रेल्वेने आरामात जाता येतं. 1919 ते 1940 या काळात, ज्यातली बहुतेक वर्षं व्हिल्न्यूस पोलंडच्या ताब्यात होतं, कौनास ही देशाची हंगामी राजधानी होती. त्या वीस वर्षांत उभ्या राहिलेल्या आधुनिक इमारतींमुळे 2023 मध्ये शहराला युनेस्कोच्या जागतिक वारशाचा मान मिळाला.

आता बोलण्याचं. 'लाबा दियेना' म्हणजे दिवसाचा नमस्कार; सकाळी 'लाबास रीतास', संध्याकाळी 'लाबास वाकारास'. नुसतं 'लाबास' हे मित्रांसाठी. समारंभात ते वापरू नका. एकापेक्षा जास्त माणसं असतील किंवा आदर दाखवायचा असेल तर 'स्वेइकी' चालतं. आभाराला 'आच्यू', निरोपाला 'वीसो गेरो'. एवढ्यावर निभावतं. उच्चार चुकला तरी कुणी हसत नाही, उलट समोरच्याचा चेहरा जरा सैल होतो.

तू आणि तुम्ही हा फरक तिथेही आहे: 'तू' आणि 'यूस'. अनोळखी माणूस, वडीलधारे, कार्यालयातले वरिष्ठ या सगळ्यांना 'यूस'. वयाने किंवा हुद्द्याने मोठा असलेला माणूस स्वतः म्हणेपर्यंत 'तू'वर यायचं नाही. तरुण मंडळी पटकन येतात, साठीपुढची नाही. पुरुषाला 'पोने', बाईला 'पोनिया' असं संबोधतात. आणि आडनावांचा घोळ आधीच समजून घ्या: वडील काझलाउस्कास असतील तर आई काझलाउस्किएने आणि अविवाहित मुलगी काझलाउस्काइते. एकाच कुटुंबाची तीन आडनावं पाहून ही वेगवेगळी माणसं आहेत असं समजू नका. 2003 पासून स्त्रियांना लग्न झालंय की नाही हे न सांगणारं, नुसतं 'ए' लावलेलं आडनाव घ्यायची मुभा आहे. त्यामुळे पाकिटावर नाव लिहिताना अंदाजाने प्रत्यय जोडू नका, निमंत्रणावर छापलंय तसंच उतरवा.

लग्न लागलं ते जुन्या नगरभवनात. पांढरीशुभ्र, उंच मनोऱ्याची इमारत, तिला लोक 'पांढरा हंस' म्हणतात. शनिवारी तिथल्या चौकात एका वरातीचे फोटो होईपर्यंत दुसरी येऊन ठेपते. विधी संपला की पाहुणे रांग लावतात आणि एकेक जण पुढे जाऊन फुलं देतो, अभिनंदन करतो. या रांगेत घाई नसते. माझ्या पुढे नवऱ्यामुलाचे मामा होते, ऐंशीच्या घरातले. त्यांनी आधी टोपी काढली, काखेत धरली, फुलं डाव्या हातात घेतली, उजवा हात पुढे केला आणि नवरदेवाच्या डोळ्यांत बघत चार वाक्यं बोलले. हसले मात्र अगदी शेवटी, तेही ओझरतं. मग नवरीपुढे गेले आणि तिने हात पुढे करेपर्यंत थांबले. बाईने आधी हात पुढे करायचा हा संकेत जुनी माणसं काटेकोर पाळतात. हात घट्ट पण थोडाच वेळ, नजर थेट. खाली मान घालून केलेलं अभिवादन आपल्याकडे नम्रतेचं असतं, तिथे ते तुटक वाटतं. मी नमस्कारासाठी हात जोडले तेव्हा सगळ्यांनी आनंदाने जोडले, पण नंतर हस्तांदोलन केलंच.

फुलांची संख्या विषम हवी. सम संख्येची फुलं मयताला नेतात. डझनभर गुलाब म्हणजे भलताच निरोप. दुकानदार स्वतःहून विचारतात, तरी तुम्ही मोजून घ्या. आहेर म्हणून पाकिटात पैसे घालून शुभेच्छापत्र देणं सर्रास चालतं, आणि वर एक युरोचं नाणं चिकटवायची गरज नाही. हल्ली काही जोडपी फुलांऐवजी वाइनची बाटली आणा असं निमंत्रणातच कळवतात. बाटली न्यायची तर आदल्या दिवशीच घ्या: 2018 च्या कायद्याने दुकानांत मद्यविक्री रात्री 8 पर्यंत आणि रविवारी दुपारी 3 पर्यंतच ठेवली, आणि घेणाऱ्याचं वय किमान 20 हवं. वेळा निघण्यापूर्वी एकदा पाहून घ्या. कपड्यांत साडी उत्तम, फक्त पांढरी नको, तो रंग नवरीचा.

नगरभवनापासून मेजवानीच्या जागेकडे जाताना शेजारपाजारचे लोक रस्त्यात दोरी आडवी बांधून वरात अडवतात. मिठाई आणि एखादी बाटली दिल्याशिवाय सुटका नाही. मेजवानीच्या दारात आईवडील पाव, मीठ आणि पेले घेऊन उभे असतात. जोडप्याने पाव मिठाला लावून खायचा, मग आत. काळ्या राईच्या पावाला तिथे फार मान आहे. खाली पडलेला तुकडा उचलून त्याचं चुंबन घेणाऱ्या आज्या अजून आहेत. ताटात पावाचा चुरा करून खेळत बसू नका.

जेवणाच्या टेबलावर जागा ठरलेल्या असतात. अविवाहित मुलीला कोपऱ्यावर बसवत नाहीत, लग्न लांबतं म्हणून. पहिलं शुभचिंतन होईपर्यंत पेल्याला तोंड लावायचं नाही. 'ई स्वेइकाता' म्हणताना ज्याच्याशी पेला भिडवाल त्याच्याकडे बघा. पेल्याकडे बघत भिडवणं त्यांना रुचत नाही. दारू घेत नसाल तर फळांच्या रसाने पेला उंचावा, कुणी आग्रह धरलाच तर एकदा शांतपणे नाही म्हणा, पुरतं. मध्येच सगळे 'कार्तू! कार्तू!' ओरडायला लागतात. पेय कडू लागतंय अशी ही तक्रार, आणि नवरानवरीने चुंबन घेतल्याशिवाय ते गोड होत नाही. पुढे लग्न जुळवणाऱ्या मध्यस्थावर लुटुपुटूचा खटला चालतो: नवरदेवाच्या श्रीमंतीबद्दल थापा मारल्या म्हणून त्याला फाशीची शिक्षा होते आणि नवरी त्याला वाचवते. फासावर जातो तो बाहुला. सकाळी रांगेत ताठ उभे असलेले मामा या खटल्यात साक्ष द्यायला उठले, तेव्हा ते हेच का, असं वाटलं.

खाण्याबाबत शाकाहाऱ्यांनी निमंत्रण स्वीकारतानाच कळवावं. 'बे मेसोस' म्हणजे मांसाशिवाय. बटाट्याच्या मोठ्या उकडलेल्या गोळ्यांत, त्सेपेलिनाइमध्ये, बहुधा मांस असतं. दह्याच्या चक्क्यासारख्या सारणाचेही मिळतात, पण वर डुकराच्या चरबीचे तुकडे घालू नका हे वेगळं सांगावं लागतं. बीट आणि केफिरचं, म्हणजे ताकासारख्या आंबवलेल्या दुधाचं, थंडगार गुलाबी सार मात्र मनापासून आवडलं. त्यात बहुतेक वेळा उकडलेलं अंडं असतं.

गप्पांचं. लिथुआनियन माणूस सुरुवातीला कमी बोलतो आणि अनोळख्याकडे बघून हसत नाही. तो रागावलेला नसतो. पहिल्या भेटीत पगार, घराचं भाडं, मुलं कधी, असे प्रश्न टाळा. 'कसे आहात?' असं विचारलंत तर खरं उत्तर ऐकायची तयारी ठेवा. बास्केटबॉल हा हमखास चालणारा विषय. कौनासचा झाल्गिरिस संघ आणि खेळाडू सबोनिस ही नावं काढली की टेबल बोलतं होतं. रशियन येत असेल तरी त्या भाषेत सुरुवात करू नका, आणि देशाला 'रशियाकडचा' म्हणू नका. 1941 पासून सायबेरियाला हद्दपार केलेल्यांच्या आठवणी घराघरांत आहेत. 13 जानेवारी 1991 ला सोव्हिएत सैन्याने व्हिल्न्यूसच्या दूरदर्शन मनोऱ्यावर हल्ला केला, तोही अनेकांच्या डोळ्यांदेखत. तुम्ही भारतीय म्हटल्यावर कुणीतरी संस्कृतचा विषय काढणारच, कारण लिथुआनियन भाषेतले काही शब्द संस्कृतशी मिळतेजुळते आहेत. आमच्या टेबलावर शाळेतल्या शिक्षिका होत्या, त्यांनी 'सूनुस', 'दुमास', 'उग्निस' असे शब्द मोजून दाखवले. आमच्याकडून त्यांचे संस्कृत जोडीदार सूनु, धूम, अग्नि ऐकून त्यांनी टाळी दिली, आणि मग रात्री उशिरापर्यंत आमच्याशीच बोलत होत्या.

दुसऱ्या दिवशी घरी बोलावलं तर बूट दाराशी काढायचे. सपाता बहुतेक यजमानच देतात, मोजे मात्र धड असू द्या. घरात शिट्टी वाजवू नका, त्याने सैतानाची पिल्लं येतात म्हणे. हिवाळ्यात नाटकाला किंवा संगीताच्या कार्यक्रमाला गेलात तर जाड कोट 'रूबिने'त, म्हणजे कोट ठेवायच्या खोलीत ठेवूनच आत जा. कोट घेऊन खुर्चीवर बसणं असभ्य मानतात.

एखादा दिवस हातात असेल तर नेमुनास नदीच्या मुखाजवळच्या रुस्ने बेटावर जा. गांधीजींचे दक्षिण आफ्रिकेतले मित्र हेर्मान कालेनबाख यांचं बालपण या भागात गेलं. 2015 मध्ये तिथे दोघांचा एकत्र पुतळा उभारला आहे. कौनासहून गाडी भाड्याने घेतलेली बरी, कारण शिलुते गावापुढे बस फार तुरळक आहेत.