सावलीनं सांगितलेली तारीख

कासच्या पठारावर आमचा एक ठरलेला खडक आहे. पायवाटेला लागूनच आहे, त्यामुळे तिथं उभं राहायला कुणाला फुलांत पाय घालावा लागत नाही. मी साताऱ्यात वनस्पतिशास्त्र शिकवते. पावसाळ्यात मुलांना घेऊन वर जायचं आणि त्या खडकावरून उत्तरेकडं बघत, समोरच्या डोंगराची कड फोटोत येईल असा एक फोटो काढायचा, हे आमचं काम. पण पंचवीस किलोमीटरचा घाट रोज चढणं होत नाही. म्हणून फुलं बघायला आलेल्या लोकांनाच विनंती करतो, की इथून एक फोटो काढा आणि आम्हाला पाठवा. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला तर त्यातली मूळ तारीख-वेळ निघून जाते, तेव्हा ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, हे प्रत्येकाला सांगावं लागतं.

लोक पाठवतात, अगदी मनापासून पाठवतात. ते फोटो तारखेनं लावले की डोळ्यांसमोर ऋतू सरकताना दिसतो. आधी चवर, मग गेंदाचे पांढरे ठिपके, सीतेच्या आसवांची निळी-जांभळी झाक, तेरड्याचा गुलाबी आणि सप्टेंबर सरत आला की सोनकीचा पिवळा. जांभ्यावर माती असते बोट-दोन बोटं. पाऊस जरा पुढंमागं झाला की ते या फुलांत उमटतं, आणि तेच आम्हाला पकडायचं असतं.

त्या वर्षी ऑक्टोबरात फोटो लावत बसले होते. एका फोटोवर तारीख २७ जुलै, आणि अख्खा उतार सोनकीनं पिवळाधमक. दोन महिने आधी! मी खुर्चीतून उठलेच. खडक तोच, डोंगराची कड तीच. पुण्याच्या एका निवृत्त गृहस्थांनी पाठवलेला फोटो होता, पायवाटेवर त्यांच्या पत्नी हसत उभ्या. रात्री बसून एका अभ्यासक मैत्रिणीला लांबलचक मेल लिहिला. पाठवायचा मात्र दुसऱ्या दिवसावर ठेवला, कारण सकाळी वर जायचंच होतं.

पठारावर राखणीला असतात त्या मामांना तो फोटो दाखवला. ते एकीवचे, जन्म इथलाच. त्यांनी मोबाइल हातात घेऊन लांब धरला, जवळ धरला.

“म्याडम, ह्यो आखाडातला न्हाई.”

“तारीख आहे मामा त्यावर.”

“असू द्या की. आखाडात हितं समोरचा मानूस दिसत न्हाई धुक्यात. एवढं ऊन आलं कुठनं? अन् बाईंच्या तोंडावर ऊन हाय बघा.”

आखाडात एखादा दिवस उघडतोही, हे मी म्हणणार होते. पण ‘तोंडावर ऊन’ हे शब्द अडकले. कॅमेरा उत्तरेकडं, म्हणजे बाईंचं तोंड दक्षिणेला. त्यावर ऊन आणि हातभर सावली पाठीमागं, सरळ उत्तरेला. सूर्य दक्षिणेला असल्याशिवाय हे होत नाही. सातारा साधारण १७.७ अंश अक्षांशावर. २७ जुलैला सूर्य १९ अंशांवर, म्हणजे आपल्याही उत्तरेला असतो. त्या दिवशी कासवर सावली उत्तरेला पडूच शकत नाही, सकाळी नाही, दुपारी नाही, संध्याकाळीही नाही. मी तिथंच खडकावर बसले. फुलं रात्रभर मोजत होते, सावलीकडं एकदाही बघितलं नव्हतं.

तिथूनच फोटो पाठवणाऱ्या पुण्याच्या काकांना फोन लावला. ते बिचारे गोंधळून गेले. मग आठवलं, की ट्रिपच्या आदल्या दिवशी कॅमेऱ्याची तारीख पुसली गेली होती, ती त्यांनी घाईत नव्यानं घातली होती. महिना नववा हवा होता, सातवा पडला. संध्याकाळी त्यांनी पठाराच्या प्रवेशाचं तिकीट शोधून पाठवलं. त्यावर २७ सप्टेंबर.

“माझ्यामुळं तुमचं काम फुकट गेलं का हो?” असं त्यांनी दोनदा विचारलं.

फुकट कसलं? चूक एकदा कळली, ती त्यांच्या त्या दिवसाच्या सगळ्याच फोटोंत सारखी होती. बासष्ट दिवस पुढं सरकवले की प्रत्येक फोटो जागेवर. आणि तो आठवडा आमच्याकडं कोराच होता, कॉलेजात परीक्षा होत्या, वर कुणीच गेलं नव्हतं. त्यांच्या फोटोंत सोनकी भर बहरात होती, गेंद वाळून करडे पडायला लागले होते आणि डावीकडच्या खोलगट जागेत पाणी अजून टिकून होतं.

मैत्रिणीचा मेल पुसून टाकला. तेव्हापासून येईल त्या फोटोत ऊन असेल, तर आधी सावली कुठं पडलीय ते बघते. नोंदवहीत त्यासाठी वेगळा रकाना आखलाय, आणि शनिवारी वर गेले की शंकेचे फोटो मामांपुढं धरते.