तुम्ही विचारलंत म्हणून: लेझर करून चष्मा घालवायचा तर आधी काय, नंतर काय?

स्टाफरूममध्ये, लग्नाच्या पंगतीत, आणि एकदा तर पार्लरच्या खुर्चीत मान मागे टाकून बसलेली असताना, हा प्रश्न मला गाठतोच. "तुम्ही लेझर केलंय ना? दुखतं का हो? आधी काय करतात? नंतर किती दिवस घरी बसावं लागतं?" विचारणारी बहुधा विशीतली मुलगी असते, नाहीतर तिची आई. मुलीला दुखण्याची काळजी, आईला लग्नाच्या तारखेची.

दुखतं का, याचं उत्तर देऊन टाकते. करताना नाही. नंतर तीन-चार तास चुरचुरतं, ढीगभर कांदे चिरल्यासारखं. पण तेवढं ऐकून कोणी पैसे भरायला निघू नये, म्हणून पुढचं.

मी केलं 2011 साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी. उजवा उणे साडेपाच, डावा उणे सहा. साताऱ्याच्या पावसात स्कूटरवरून कॉलेजला जायचं, चष्म्यावर धारा लागलेल्या. चष्मा काढावा तर रस्ताच नाहीसा. चार पावसाळे असे काढले आणि पुण्याला जाऊन तपासणी करून आले.

आधी आठ-दहा दिवस कॉन्टॅक्ट लेन्स बंद. मऊ लेन्स असेल तर एक-दोन आठवडे, कडक असेल तर त्याहून जास्त, कारण लेन्स बुबुळावर बसून बसून त्याचा आकार किंचित बदलते आणि मापं चुकतात. हे लोक पाळत नाहीत. "कालच काढली" असं सांगून तपासायला बसतात. मापंच चुकली तर मग लेझर कितीही भारी असून काय उपयोग? नंबरही वर्षभर तरी हललेला नसावा. म्हणून अठराच्या आत कोणी करत नाही, आणि गरोदर असताना किंवा बाळ अंगावर पीत असताना थांबायला सांगतात.

तपासणीला दोन-तीन तास धरून चला, आणि गाडी चालवायला दुसरं कोणीतरी न्या. बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घातले की पुढचे काही तास ऊन बोचतं आणि जवळचं वाचता येत नाही. त्याआधी एक मजेशीर चाचणी असते. खालच्या पापणीत कागदाची बारीक पट्टी अडकवतात आणि पाच मिनिटं तसंच बसवतात. माझ्या दोन्ही डोळ्यांतून पट्ट्या लोंबत होत्या, समोरच्या बाकावरच्या काकांच्याही. आम्ही एकमेकांकडे बघून हसू दाबत होतो. पट्टी किती मिलिमीटर भिजली त्यावरून डोळ्यात पाणी पुरेसं आहे का ते कळतं. दहाच्या खाली भिजली तर डॉक्टर विचारात पडतात, पाचच्या खाली म्हणजे डोळा कोरडाच. लेझरनंतर कोरडेपणा वाढतो, त्यामुळे आधीच कोरड्या असलेल्या डोळ्याचं पुढे हालच.

मग येतं खरं गणित. बुबुळावरचा काचेसारखा पडदा म्हणजे कॉर्निया. त्याची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर. माझी भरली 545 मायक्रॉन. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे मायक्रॉन. लेझर नंबर घालवतो तो हा पडदा घासून. एका नंबरामागे बारा ते पंधरा मायक्रॉन जातात. माझ्या उणे सहाला पंच्याऐंशीच्या आसपास जाणार होते आणि लेझर मारण्याआधी कापून उलटायचा वरचा पापुद्रा एकशेवीसचा. राहिले 340. खाली अडीचशे-तीनशे मायक्रॉन तरी शाबूत राहिलेच पाहिजेत, नाहीतर डोळ्याच्या आतल्या दाबाने पडदा हळूहळू पुढे फुगतो. ही वजाबाकी डॉक्टरांनी माझ्यासमोर कागदाच्या पाठीवर केली. तुमच्यासमोर कोणी केली नाही, तर करायला लावा.

वजाबाकी जमली म्हणजे झालं, असंही नाही. हे माझ्या धाकट्या बहिणीमुळे कळलं. माझं बघून तीही निघाली. एका ठिकाणी नंबर बघितला, जाडी बघितली आणि सांगितलं, "चालेल, परवाच या, या महिन्यात सवलत आहे." ती पैसे भरणार तेवढ्यात मी तिला माझ्या डॉक्टरांकडे ओढत नेलं. तिथे कॉर्नियाचा रंगीत नकाशा काढतात. डोंगराच्या नकाशात उंची दाखवतात तसं यात कुठे किती उतार आहे ते दिसतं. माझा नकाशा पिवळा-हिरवा, दोन्ही बाजूंनी सारखा. तिच्या नकाशात खालच्या अंगाला लाल डाग. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "डोळे चोळतेस?" चोळते म्हणजे काय, लहानपणापासून सर्दीच्या ॲलर्जीने मुठी डोळ्यांत घालून चोळायची. तिचा पडदा खालून शंकूसारखा पुढे यायला लागला होता. केराटोकोनस. अशा डोळ्यावर लेझर म्हणजे आधीच विरलेली साडी दगडावर आपटून धुणं. नंतर तपासणीत तो आकार आणखी वाढतोय असं दिसलं, तेव्हा बी-2 जीवनसत्त्वाचे थेंब आणि अतिनील किरण वापरून तिचा पडदा घट्ट करून घेतला. चष्मा आहे तो आहे. तेव्हा ती माझ्यावर रुसली होती, कारण नाही म्हणणाऱ्या डॉक्टरकडे मी नेलं होतं. आता रुसवा उरला नाही, डोळे चोळणंही नाही.

पातळ पडदा किंवा फार मोठा नंबर असेल तर डोळ्याच्या आत बारीक लेन्स बसवायचा मार्ग असतो. तो वेगळा विषय.

प्रत्यक्ष शस्त्रक्रिया दोन्ही डोळ्यांची मिळून पंधरा-वीस मिनिटांत उरकली. सेंट, पावडर, काजळ काही लावून जायचं नव्हतं. भूल फक्त थेंबांची. पापण्या मिटू नयेत म्हणून चिमटा लावतात. तो टोचत नाही, पण मिटावंसं वाटून मिटता येत नाही ही भावना विचित्र आहे. मग एक कडं डोळ्यावर दाबून बसतं आणि दहा-वीस सेकंद त्या डोळ्याला काही दिसत नाही. हे आधी सांगितलं नाही तर माणूस हबकतो, म्हणून मी सगळ्यांना सांगते. दिवे गेल्यासारखं होतं आणि परत येतात. माझ्या वेळी पापुद्रा पात्याने कापला, घर्रर्र आवाज आला. आता बऱ्याच ठिकाणी तोही लेझरनेच सोडवतात. फुगलेल्या भाकरीचा पापुद्रा एका कडेने चिकटलेला ठेवून उलटावा, तसा तो उलटला. त्याबरोबर वरचा लुकलुकणारा दिवा पाण्याखाली गेल्यासारखा पसरला. "त्याच्याकडेच बघा." टिक-टिक-टिक. सिस्टर मोजत होत्या, "पन्नास टक्के... ऐंशी..." डोळा जरा हलला तर लेझर त्याच्यामागे जातो आणि फार हलला तर थांबतो, हे आदल्या दिवशी विचारून घेतलं होतं. तरी श्वास रोखला गेलाच.

आणि वास. केस जळल्यासारखा वास येतो. मला वाटलं, संपलं, डोळा भाजला. प्रत्यक्षात जळत काही नसतं. या लेझरचा किरण 193 नॅनोमीटरचा, अतिनील. तो पडद्यातले रासायनिक बंध तोडतो आणि तेवढाच थर उडून जातो, बाजूला आच लागत नाही. वास येतो तो त्या उडालेल्या कणांचा. याची सुरुवात ऐकाल तर हसाल. 1981च्या नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत रंगस्वामी श्रीनिवासन या शास्त्रज्ञांनी थँक्सगिव्हिंग या अमेरिकी सणाच्या जेवणातल्या उरलेल्या टर्की पक्ष्याच्या मांसावर हा किरण मारून बघितला. मद्रास विद्यापीठात शिकून अमेरिकेला गेलेला हा माणूस. सोबत जेम्स विन आणि सॅम्युअल ब्लम. मांसावर नेमका चर पडला, कडा कुठे करपली नाही. पुढे डोळ्यांच्या डॉक्टरांनी ते उचललं आणि 1995 साली अमेरिकेत लेझरने नंबर घालवायला सरकारी मान्यता मिळाली. म्हणजे माझा चष्मा शिळ्या टर्कीने घालवला म्हणायचा.

शेवटी पापुद्रा परत पसरून, पाण्याने धुऊन, बारीक ब्रशने कडा बसवल्या. टाका नाही.

पापुद्रा न काढता वरची साल खरवडून लेझर मारायचीही पद्धत आहे, पीआरके. पातळ पडद्याला आणि कुस्ती-कराटेवाल्यांना ती सांगतात, कारण पापुद्रा जोराचा मार बसला तर वर्षांनंतरही सरकू शकतो. तिच्यात मात्र दोन-तीन दिवस चांगलंच दुखतं आणि नजर साफ व्हायला आठवडे लागतात. स्माइल नावाच्या पद्धतीत बारीक चिरेतून आतली चकतीच काढून घेतात. तुम्हाला कुठली, ते तुमचा नकाशा ठरवेल, शेजारीण किंवा जाहिरात नव्हे. सैन्य, पोलीस, रेल्वे अशा भरतीची तयारी चालू असेल तर आधी त्या भरतीचे वैद्यकीय नियम वाचा. आणि आरोग्य विमा साडेसातच्या खालचा नंबर घालवायला सहसा पैसे देत नाही, हेही धरून चाला.

त्या दिवशी मावशीकडे गेले, काळा चष्मा लावून, डोळ्यांतून धारा. अंधाऱ्या खोलीत झोपले. संध्याकाळी उठले तर मावशीच्या छताला जळमटं. लहानपणापासून त्या घरात जातेय, कधी दिसली नव्हती. सांगता आलं नाही. मावशी विचारत होती, "दिसतंय का गं नीट?" मी म्हटलं, "फारच."

दुसऱ्या दिवशी तपासणी, तक्त्याची सगळ्यात खालची ओळ वाचली आणि संध्याकाळी साताऱ्याला निघालो. खंबाटकी घाट चढताना अंधार पडला. पुढच्या ट्रकांच्या लाल दिव्यांभोवती, चंद्राला पडतं तसं खळं. प्रत्येक दिव्याला. नवरा म्हणाला, "सुंदर दिसत असेल." मला रडू येत होतं. हे खळं पहिल्या महिन्यात कमी झालं, चौथ्या-पाचव्या महिन्यात लक्षात येईनासं झालं. काहींना थोडं कायम राहतं, विशेषतः अंधारात ज्यांच्या बाहुल्या फार मोठ्या होतात त्यांना. रात्री गाडी चालवण्यावर पोट असेल तर हा प्रश्न डॉक्टरांना सगळ्यात आधी विचारा.

पहिला आठवडा मी तोंड ओल्या फडक्याने पुसलं, केस पार्लरमध्ये मान मागे टाकून धुतले. डोळ्यात पाणी नाही, चोळणं नाही, झोपताना प्लास्टिकच्या वाट्या चिकटपट्टीने लावायच्या. पोहणं महिनाभर बंद. मध्ये गणपती आले. मिरवणुकीला गेले नाही, गुलाल डोळ्यात गेला तर काय, म्हणून गॅलरीतून आरती. थेंब तीन प्रकारचे: अँटिबायोटिक, स्टेरॉइड आणि नुसते ओलाव्याचे. स्टेरॉइड सांगितल्या दिवशी कमी करत बंद करायचं. बरं वाटतंय म्हणून मनाने चालू ठेवलं तर डोळ्यातला दाब वाढतो. दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढलं, लाली वाढली, नजर धूसर झाली, तर सकाळची वाट बघू नका, त्याच क्षणी फोन करा.

कोरडेपणाबद्दल कोणी पुरेसं सांगत नाही. पापुद्रा कापताना कॉर्नियातल्या बारीक नसा कापल्या जातात, त्या परत यायला महिने लागतात. तोवर डोळा कोरडा पडल्याचं मेंदूला नीट कळतच नाही. पंख्याखाली उठले की पापणी चिकटलेली असायची. पेपर तपासताना तर पापणी लवायचीच राहते. माझ्या पर्समध्ये सहा महिने कुंकवाच्या डबीशेजारी थेंबांची कुपी होती.

आता शेवटचं, आणि हे आयांसाठी. लांबचं आजही मला चष्म्याशिवाय दिसतं. पण दोन वर्षांपूर्वी औषधाच्या पट्टीवरची तारीख दिसेना. हात लांब करावा लागला. चाळिशी. आपल्या भाषेने त्या चष्म्याला वयाचंच नाव देऊन ठेवलंय, लेझर केलेल्यालाही त्यातून सूट नाही. डोळ्याच्या आतलं भिंग कडक होत जातं, त्याला बाहेरचं लेझर काय करणार? उलट उणे नंबरवाल्या माझ्या मैत्रिणी चष्मा काढून जवळचं वाचतात आणि मी वाचायचा चष्मा शोधत फिरते. उणे नंबरचा डोळा मागेपुढे लांबट असतो, आणि ती लांबीही तेवढीच राहिली आहे. अशा लांब डोळ्याचा आतला पडदा, म्हणजे रेटिना, ताणलेला असतो, म्हणून वर्षातून एकदा मी अजून बाहुल्या मोठ्या करून तो तपासून घेते. अचानक विजा चमकल्यासारखं दिसलं, काळे ठिपके उधळले किंवा एका बाजूने पडदा ओढल्यासारखं झालं तर ताबडतोब जायचं, हे मला पाठ आहे.

आणि ती 2011ची फाइल. आधीचा नंबर, जाडी, नकाशा, सगळं तिच्यात आहे. पुढे मोतीबिंदू झाला की आत बसवायच्या लेन्सचं माप घासलेल्या कॉर्नियावरून काढताना चुकू शकतं, तेव्हा हे जुने आकडे लागतात. म्हणून ती लोखंडी कपाटात आईच्या सोन्याच्या पावत्यांखाली ठेवली आहे, पिवळ्या कापडी पिशवीत. नवऱ्याला जागा दाखवून ठेवली आहे. तो म्हणाला, मोतीबिंदूला अजून वीस वर्षं आहेत. मी म्हटलं, तू नुसती जागा लक्षात ठेव.