थांबली की जड

नवीन गाडी घेतल्यापासून मला पुण्यातले उतार कळायला लागलेत. जन्म इथलाच, शाळा-कॉलेज-नोकरी सगळं इथंच, आणि सहकारनगरात राहतो म्हटल्यावर तळजाईखालचे चढउतार काही नवीन नाहीत, पण ते कळायचे सायकल होती तेव्हा. नंतर स्प्लेंडर आली आणि सगळं पुणं एका लेव्हलला आलं. आता पुन्हा वाण्याच्या दुकानासमोरचा रस्ता गटाराच्या बाजूला किती कललाय, बँकेच्या पायरीपाशी खडी सांडलीय का, आमच्याच गेटातले पेव्हर ब्लॉक आत उतरतायत की बाहेर, हे सगळं तोंडपाठ झालंय. इतक्या वर्षांत जे दिसलं नाही ते २४१ किलोंनी दाखवलं.

२४१ किलो हे माझ्या नव्या मोटरसायकलचं, रॉयल एनफिल्डच्या सुपर मिटिऑर ६५० चं वजन, पेट्रोल-ऑइल धरून. माझी स्प्लेंडर ११२ च्या आसपास. म्हणजे दोन स्प्लेंडर होऊन वर सतरा किलो उरतात. हे आकडे शोरूमच्या कागदावर वाचले होतेच की, पण कागदावरचं वजन आणि बेसमेंटच्या रँपवर अर्ध्यात थांबल्यावर उजव्या मांडीत उतरलेलं वजन, यांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

घ्यायची वेळही मजेशीर होती. २०२५ च्या सप्टेंबरात, घटस्थापनेलाच, जीएसटी बदलला. ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांचा २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि त्याच्या वरच्यांवर सेस धरून ३१ पडत होता तो सरळ ४० झाला. अख्खा महाराष्ट्र दसऱ्याला स्वस्तात गाडी मिळतेय म्हणून खूश, आणि मी महाग झालेल्या गाडीची चौकशी करतोय. बायको म्हणाली, "अरे ३५० वाली घे ना, तीपण तर तशीच दिसते." तिचं काही चुकत नव्हतं, लांबून बघितलं तर खरंच तशीच दिसते. पण दोन सिलिंडरचं इंजिन एकदा ट्रायलला चालवलं की मग माणूस हिशेबाच्या पलीकडे जातो. शेवटी "तुझं तू बघ" हे वाक्य मी परवानगी म्हणून घेतलं. संसारात काही वाक्यं अशीच सोयीनं ऐकायची असतात.

आता एवढी जड गाडी आणि मी साडेपाच फुटाला बोटभर कमी, तर हे धाडस कसं केलं असं बरेच जण विचारतात. उलट आहे हो! उंचीमुळेच तर क्रूझर, म्हणजे बुटक्या सीटची, पाय पुढे पसरून बसायची गाडी घेतली. त्या अॅडव्हेंचर गाड्यांवर बसलो की माझ्या पायाची नुसती बोटं टेकतात, हिमालयन ४५० ची सीट ८२५ मिलिमीटरवर आहे. हिची ७४०. दोन्ही तळवे जमिनीवर पूर्ण टेकून गुडघ्यात थोडी वाकण उरते. वजन आहे पण ते सगळं खाली बसलंय, त्यामुळे सरळ उभी असेल तर दोन बोटांवर उभी राहते, खोटं नाही सांगत. गंमत पुढे आहे. थोडी कलली तर मांडीनं परत आणता येते, आणखी थोडी कलली तर दात-ओठ खाऊन, आणि त्याच्या पुढे एक रेष आहे जी ओलांडली की बाजूला व्हायचं आणि लेगगार्डवर हवाला ठेवायचा, पाय मधे घालायचा नाही. ती रेष कुठं आहे हे कोणी सांगू शकत नाही, अंगालाच कळावं लागतं.

सोसायटीत गाडी आली तेव्हा आमचे वॉचमन मामा बराच वेळ तिच्याभोवती फिरले. हार, स्वस्तिक, चाकाखालचं लिंबू सगळं निरखून झालं आणि मग गंभीरपणे म्हणाले, "साहेब, ही म्हैस बांधायची कुठं?" ते चेष्टा करत नव्हते. माझी जुनी जागा दोन खांबांच्या मधे, स्प्लेंडर तिथं आडवी-तिडवी कशीही मावायची, मागचं कॅरिअर धरून उचलून चाक सरकवलं की झालं. हिचं मागचं चाक उचलून सरकवायचा विचारसुद्धा कोणी करू नये. हिला नुसतं पुढे जाता येतं. होंडाच्या गोल्डविंगला १९८८ पासून स्टार्टर मोटरवर चालणारा रिव्हर्स आहे, पूर्वी मला तो श्रीमंतांचा लाड वाटायचा, आता वाटतं बिचाऱ्यांची खरी अडचण कोणीतरी ओळखली होती.

तर पार्किंगचं एक शास्त्र तयार झालं. गाडी लावताना निघायचं कसं ते आधी ठरवायचं. तोंड उताराकडे आणि समोर भिंत, अशी लावली की संपलं, सीटवर बसून पायांनी मागे रेटताना बूट घसरतात आणि वरच्या मजल्यावरची पोरं गॅलरीतून बघत असतात. म्हणून आधी वळवून घ्यायची, मागचं चाक भिंतीकडे, तोंड रस्त्याकडे. उतारावर न्यूट्रलमध्ये सोडायची नाही, पहिल्या गिअरमध्येच स्टँड लावायचा, म्हणजे इंजिन आपोआप बंद होतं आणि गाडी पुढे सरकून स्टँड मिटत नाही. स्टँडच्या टोकाखाली माती मऊ असेल तर चपटा दगड. मी हल्ली डिकीत... डिकी नाहीये तिला, सॅडलबॅगेत, एक फरशीचा तुकडा ठेवतो. बायकोनं तो एकदा बाहेर काढून बघितला, काही न बोलता परत ठेवला.

पेठांत मात्र एक सुख आहे. पी-वन पी-टूच्या रांगेत स्प्लेंडर लावून गेलो की परत येईपर्यंत कोणीतरी ती ढकलून, उचलून, स्वतःची घुसवून माझी नो पार्किंगच्या बोर्डाखाली नेऊन ठेवलेली असायची. ही जिथं लावली तिथंच असते. एकदा लांबून बघितलं, एक काका आले, हँडलला हात लावला, जरा रेटा दिला, मग गाडीकडे अपमान झाल्यासारखं बघितलं आणि शेजारची अॅक्टिव्हा सरकवायला लागले.

लोक विचारतात ते दोनच प्रश्न. पहिला, "बुलेट का?" सुरुवातीला मी समजावून सांगायचो, आता हो म्हणतो. दुसरा अर्थातच अॅव्हरेज. खरा आकडा सांगितला की समोरच्याच्या चेहऱ्यावर एक दुःख येतं, ते माझ्यासाठी असतं.

चालवणं तसं म्हटलं तर दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. पंचवीस-तीसच्या वर गेली की वजन गायब होतं, अक्षरशः. हायवेला ऐंशीवर बसवली की लहान गाड्यांना ट्रक शेजारून गेल्यावर जो झटका बसतो तो हिला जाणवतही नाही. पण सिग्नल लाल झाला, स्पीड दहाच्या खाली आला, की २४१ किलो परत हजर! आणि पुण्यात दहाच्या खालीच तर चालवायची असते.

आमच्या गल्लीतल्या गॅरेजवाल्या पोरानं मला पहिल्या आठवड्यात रिक्षाच्या मागे लटपटताना बघितलं आणि म्हणाला, "दादा, आधी पुढच्या ब्रेकवरची बोटं काढा." एवढंच. पण सगळं त्यात आलं. लहान गाडीची सवय असते की गर्दीत उजव्या हाताची दोन बोटं पुढच्या ब्रेकवर तयार ठेवायची, आणि इथं हँडल वळलेलं असताना, हळू स्पीडला, ती बोटं नुसती आवळली तरी पुढचं चाक जागच्या जागी थांबतं आणि गाडी वळलेल्या बाजूला बसायला लागते. हळू चालवताना हात क्लचवर आणि उजवा पाय मागच्या ब्रेकवर. क्लच अर्धा सोडलेला, रेस किंचित दिलेली, आणि मागचा ब्रेक हलकासा दाबून धरलेला, म्हणजे इंजिन पुढे ओढतंय आणि ब्रेक मागे, त्या ताणात गाडी सरळ उभी राहते. माझ्यातला स्प्लेंडरवाला ओरडायचा की अरे क्लच प्लेटी जळतील, पण या प्लेटी ऑइलमध्ये बुडालेल्या असतात, असं थोडं घासणं त्यांना चालतं. रविवारी सकाळी एका मोकळ्या प्लॉटवर पाण्याच्या बाटल्या मांडून मी यांतून आठाचे आकडे काढत बसायचो, मॉर्निंग वॉकवाल्या आजी थांबून बघायच्या, एकीनं तर विचारलं लायसन्सची टेस्ट आहे का उद्या.

यू-टर्न हा वेगळा विषय. दोन चाकांमधलं अंतर हिचं दीड मीटर, स्प्लेंडरचं सव्वाच्याही आत, आणि पुढचं फोर्क बाहेर झुकलेलं, त्यामुळे जिथं पूर्वी विचार न करता वळायचो तिथं आता मधेच थांबून पाय टेकून गाडी मागे घ्यायची पाळी येते आणि दोन्हीकडचे हॉर्न वाजवतात. यावर उपाय इतका साधा की राग येतो. मान वळवायची. जिथं जायचंय तिथं बघायचं, पुढच्या चाकाकडे नाही. खड्ड्याकडे बघितलं की गाडी खड्ड्यातच जाते, दुभाजकाकडे बघितलं की दुभाजकाकडे, आणि मान खांद्यावरून पार मागे वळवून रस्त्याच्या त्या टोकाला बघितलं की गाडी गुपचूप वळते. मी तर्काचा माणूस, हे पटायला वेळ लागला, पण होतं खरं.

याहून न पटणारी गोष्ट म्हणजे स्पीडमध्ये वळताना उजवीकडे जायचं तर उजवा हात पुढे रेटायचा, म्हणजे चाक क्षणभर डावीकडे जातं आणि गाडी उजवीकडे कलते. सायकलवरही आपण सगळे हेच करतो, फक्त माहीत नसतं. विमानवाल्या राइट बंधूंचं डेटनला सायकलचं दुकान होतं, त्यातल्या विल्बरनं म्हणे कितीतरी सायकलवाल्यांना डावीकडे कसे वळता हे विचारलं होतं आणि कोणालाही नीट सांगता आलं नव्हतं. हलक्या गाडीवर न कळता भागतं. हिला मात्र स्पष्ट सांगावं लागतं, खंबाटकीच्या जुन्या घाटात वळणावर नुसतं अंग कलवून बघितलं तर ती आपली सरळच निघते, मग हँडलला रेटा दिला की लगेच ऐकते. शरीरानं आयुष्यभर केलेली गोष्ट पहिल्यांदा डोक्यानं करायची, फार विचित्र वाटतं. आणि फार मजा येते.

मजा नाही ती खड्ड्यांत. साध्या गाडीवर खड्डा दिसला की आपण फुटरेस्टवर जोर देऊन बूड थोडं उचलतो, सगळ्या महाराष्ट्राला हे जन्मतः येतं. क्रूझरला पाय पुढे पसरलेले, उठायला खाली काही नाही, म्हणजे येईल तो दणका बसल्या जागी घ्यायचा. जमिनीपासून उंची १३५ मिलिमीटर, त्यामुळे पांढरे पट्टे पुसलेला स्पीडब्रेकर दिसला की तिरकी घालायची. टोलनाक्यावर दुचाकीला पैसे नाहीत पण डाव्या कडेची ती चिंचोळी गल्ली असते ना, एका बाजूला कठडा, एका बाजूला केबिनची भिंत, मधे तुटका ब्लॉक आणि कुठूनतरी आलेली वाळू, तिथून सॅडलबॅगा लावून जाताना मी श्वास रोखतो आणि मागून बायको विचारते, "काय झालं?"

तिच्याबद्दल सांगायचं तर मागची सीट तिला आवडली. तक्रार एकच आहे आणि ती वाढत चाललीय. साताऱ्याला निघालो की कुठं थांबायचं हे पूर्वी मिसळीवर ठरायचं. आता माझी नजर पाटीवर नसतेच, हॉटेलपुढच्या अंगणावर असते. तिचं आवडतं ठिकाण शिरवळच्या अलीकडे आहे, तिथं हायवेवरून एकदम खाली उतार, त्यावर बारीक खडी, वर टँकरनं पाणी मारलेलं. मी इंडिकेटर दिला, स्पीड कमी केला, ते अंगण बघितलं आणि इंडिकेटर बंद केला.

"अरे! तिथं का नाही?"

"गर्दी होती."

"दोन गाड्या होत्या, दोन!"

पुढे बऱ्याच अंतरावर एक नवीन हॉटेल लागलं. समोर नुकतं ओतलेलं काँक्रीट, एका लेव्हलचं, कुठं खडा नाही, गाडी एका फेरीत वळून तोंड रस्त्याकडे करून उभी राहिली, स्टँड खट्‌कन बसला, फरशीच्या तुकड्याची गरजसुद्धा लागली नाही. आत मिसळ नव्हतीच. वडा कालचा होता आणि चहा कोमट. ती काही बोलली नाही, वड्याचा एक तुकडा मोडला, तो बशीत ठेवला आणि म्हणाली, "येताना मी एसटीनं येते, तू ये सपाट सपाट बघत."