गाईच्या तोंडातले काटे प्लीज कापू नका

गाय चारा सोडते, मालक तोंड उघडून बघतो तर गालाच्या आतून टोकदार काटे दिसतात, मग कोणीतरी छातीठोकपणे सांगतं की याच्यामुळेच खात नाहीये, मीठ-हळद लावून घासा नाहीतर सरळ कात्रीने उडवा. मला हे ऐकून खरंच वाईट वाटतं, कारण हे काटे प्रत्येक धडधाकट गाय, म्हैस, शेळीच्या तोंडात असतातच, अगदी वासरालाही.

हिस्टॉलॉजीच्या स्लाइडवर, म्हणजे रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या पातळ कापावर, असा एक काटा उभा कापलेला बघा. बाहेरून केराटिनचा गुलाबी थर, म्हणजे आपली नखं ज्याची बनतात तेच, त्याखाली जांभळी केंद्रकं असलेल्या पेशींचे थरावर थर, आणि मधोमध मऊ गाभा, त्यात बारीक रक्तवाहिन्या आणि नसा. कात्री चालते ती या गाभ्यावर. रक्त येतं, दुखतं, आणि जंतूंना आत जायला वाट मिळते. जीभ लाकडासारखी कडक होण्याचा जो आजार आहे ना, त्याचे जंतू एरवीही तोंडात असतात, जखम मिळाली की आत घुसतात.

काट्यांची टोकं घशाकडे वळलेली असतात, ते उगाच नाही. गाईला वरचे पुढचे दात नसतात, तिथे फक्त कडक गादी असते, त्यामुळे ती जिभेने गवत ओढून घेते आणि रवंथ करताना घास बाहेर पडू नये म्हणून हे काटे कामाला येतात. जिभेवरचे खरखरीत काटेही असेच, त्यांना चव कळत नाही (मांजर चाटतं तेव्हा टोचतात तेही हेच). चव कळते ती दुसऱ्या उंचवट्यांना. त्यातले सगळ्यात मोठे जिभेच्या मागच्या भागात असतात, गाईला प्रत्येक बाजूला 8 ते 17, घोड्याला मात्र सहसा एकूण फक्त 2. प्रत्येकाभोवती गोल चर, चराच्या भिंतीत चवीच्या कळ्या, आणि तळाशी फॉन एब्नर ग्रंथींची तोंडं, त्यातून पातळ पाणी येऊन चर धुतला जातो म्हणजे पुढची चव लागायला जागा मोकळी. मला तर हे कितीदाही बघितलं तरी भारी वाटतं.

मग गाय खात का नाही? ताप बघा, पोट बघा, तार-खिळा गिळलाय का ते डॉक्टरला बघू दे. आणि लाळ गळतेय, जिभेवर फोड आहेत, पायही लंगडतोय तर लाळ्या-खुरकूत असू शकतो, त्याच दिवशी डॉक्टरला बोलवा. त्यात कातडीच्या मधल्या थरातल्या पेशी फुगून फुटतात, पाणी साठतं आणि वरची साल सुटून येते. तळाची पेशींची ओळ बहुतेक वेळा शाबूत राहते, नवी कातडी तिच्यातूनच येते. अशा तोंडात कोणी घासाघाशी केली तर ती ओळही निघून जाते, आणि मग जखम भरायला कितीतरी जास्त दिवस लागतात.