बारा खडूंचे आरमार

1979 साली आम्ही सातवीत होतो. श्रावणातल्या एका दुपारी गणिताचे सर रजेवर असल्याने इतिहासाच्या बाई ऑफ तासाला वर्गात आल्या, टेबलावर त्यांनी खडूचे बारा तुकडे ओळीने मांडले आणि म्हणाल्या, "हे ओडिसियसचे आरमार." ट्रॉयचे दहा वर्षांचे युद्ध संपवून ग्रीक महाकाव्यातला, इथाका बेटाचा हा राजा बारा गलबतांनिशी घरी निघाला आणि त्याला पोहोचायला आणखी दहा वर्षे लागली, एवढ्या प्रस्तावनेवर सुरू झालेली ती गोष्ट आम्हांला पुढचे तीन ऑफ तास पुरली.

नायक म्हणून बाईंनी त्याला कधी सूट दिली नाही. एकडोळ्या राक्षस पॉलिफेमसला "माझे नाव कोणी नाही" असे सांगून त्याने फसवले, त्याचा डोळा फोडला आणि मेंढ्यांच्या पोटाखाली लपून उरलेले सोबती गुहेबाहेर काढले, तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या. पण किनारा सुटल्यावर त्याने स्वतःचे खरे नाव ओरडून सांगितले, तिथे बाई थांबल्या आणि "इथे नडला," एवढेच म्हणाल्या. पॉलिफेमस हा समुद्रदेव पोसायडनचा मुलगा, आणि बापाकडे गाऱ्हाणे घालायला त्याला आता नाव मिळाले होते.

मला सर्वांत चटका लावून गेला तो वाऱ्यांच्या पिशवीचा प्रसंग. वाऱ्यांचा राखणदार इओलस याने सगळे प्रतिकूल वारे चामड्याच्या पिशवीत बांधून दिले होते. नऊ दिवस ओडिसियसने शिडाची दोरी दुसऱ्या कोणाच्या हाती दिली नाही, दहाव्या दिवशी इथाकाच्या किनाऱ्यावर पेटलेल्या आगट्या दिसू लागल्या, आणि नेमका तेव्हाच त्याचा डोळा लागला. पिशवीत सोने-चांदी असेल म्हणून खलाशांनी गाठ सोडली, आणि सुटलेल्या वाऱ्यांनी गलबते पुन्हा दूर फेकली. पुढे नरभक्षक राक्षसांच्या बंदरात अकरा गलबते बुडाली, तेव्हा बाईंनी अकरा खडू हाताने सारून डस्टरच्या डब्यात टाकले. टेबलावर एकच उरला.

शेवटच्या तासाला त्यांनी फळ्यावर वजाबाकी मांडली (तास गणिताचाच होता). दहा वर्षांतले एक वर्ष जादूगारीण सर्सीच्या बेटावर गेले, सात अप्सरा कॅलिप्सोच्या. प्रत्यक्ष समुद्रावरचे दिवस दोन वर्षांचेही भरत नव्हते.

पुढे मी मालवाहू जहाजावर नोकरीला लागलो आणि इटली व सिसिली यांच्यामधल्या मेसिनाच्या सामुद्रधुनीतून अनेकदा गेलो. ओडिसियसचे सहा खलाशी उचलणारी राक्षसी सिला आणि पाणी गिळणारी कॅरिब्डिस यांची जागा लोक प्राचीन काळापासून तिथेच दाखवतात. सर्वांत अरुंद ठिकाणी रुंदी जेमतेम तीन किलोमीटर; दोन्हीकडच्या समुद्रांच्या भरती-ओहोटीच्या वेळा जुळत नाहीत, त्यामुळे प्रवाह उलटसुलट ओढतात आणि पाण्यावर भोवरे उमटतात. आमच्या जहाजाला त्यांचे काहीच वाटले नाही. वल्ह्यांच्या गलबताला वाटले असते.

मृतांच्या लोकात टायरिसियस या आंधळ्या भविष्यवेत्त्याने ओडिसियसला सांगितले होते, की घरी पोहोचल्यावर खांद्यावर वल्हे घेऊन आत आत चालत जा, आणि ते धान्य उफणण्याचे फावडे आहे असे समजणारा माणूस भेटेल तिथे पोसायडनला बळी दे. बाईंनी विचारले, आपल्या गावाहून निघाले तर असा माणूस कुठे भेटेल? एक जण म्हणाला, साखरप्याला. दुसरा म्हणाला, घाट चढल्याशिवाय नाही, थेट कऱ्हाडला. त्यावर कऱ्हाडला आजोळ असलेली एक मुलगी चिडून उभी राहिली, की कृष्णा-कोयनेच्या संगमावर होड्या चालतात, आमच्याकडे वल्हे सगळ्यांना कळते. वाद मिटण्याआधीच घंटा झाली.