एका वाक्याची चौकशी

वन पीस या जपानी चित्रकथेचा नवा भाग रविवारी आपल्याकडे रात्री साडेआठला अधिकृतपणे वाचायला मिळतो आणि त्यानंतर आमच्या चाहता-विकीवर नुसती झुंबड उडते. मी तिथला अ‍ॅडमिन, अर्थातच बिनपगारी. त्या रात्री 'अलीकडील बदल' उघडून बसलो होतो. एका दुय्यम पात्राच्या पानावरून कुणीतरी लॉगिन न करता एकच वाक्य सारखं उडवत होतं आणि गस्तीवरची मुलं ते लगेच परत आणत होती. शेवटी निरोप आला: आयपी, म्हणजे त्याचा इंटरनेट पत्ता, ब्लॉक करा.

ब्लॉक करायला क्षणही लागत नाही. पण नासधूस करणारा माणूस पान रिकामं करतो, शिव्या लिहितो. हा दर वेळी तेवढंच वाक्य काढत होता, शेजारच्या स्वल्पविरामालाही धक्का न लावता. कारण मात्र लिहीत नव्हता. दोन चाचे सख्खे भाऊ आहेत, असं ते वाक्य. खाली संदर्भ होता एसबीएसचा, म्हणजे वाचकांच्या प्रश्नांना लेखक-चित्रकार ओडा उत्तरं देतात त्या सदराचा. हे सदर, कथेचे भाग आधी छापून येतात त्या साप्ताहिकात नसतं, चौथ्या खंडापासून पुस्तकांत येतं. त्यामुळे पडताळायचं तर खंडच हातात हवा.

गस्तीवरच्या एकानं पुरावा म्हणून एक व्हिडिओ आणि दुसऱ्या भाषेतल्या विकीचं पान पाठवलं. मी आमच्या पानाचा इतिहास तपासत मागे गेलो. ते वाक्य आमच्याकडे कितीतरी आधी आलं होतं. व्हिडिओ आणि ते पान, दोन्ही नंतरचे. आमचंच वाक्य गावभर फिरून आमच्याच बाजूनं साक्ष द्यायला आलं होतं!

माझी मामेबहीण रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जपानी शिकली, तिच्याकडे मूळ खंड आहेत. लगेच गाडी काढून कोथरूड गाठलं.

"एवढ्या रात्री? जेवलास का?"

"ताई, आधी खंड काढ."

कांजीच्या, म्हणजे जपानी चित्रलिपीतल्या अक्षरांच्या, बाजूला बारीक अक्षरांत उच्चार छापलेले असतात. ताईनं त्यांवर बोट फिरवत संदर्भातलं पान वाचलं, मग त्या खंडातलं सगळं सदर वाचलं. त्या दोघांचा उल्लेखच नव्हता.

"हे कुणी लिहिलं रे?" तिनं विचारलं. लिहिणारं खातं कधीचं बंद पडलेलं.

तिथूनच मोबाइलवर वाक्य काढलं आणि चर्चापानावर कारण नोंदवलं. "इतकी वर्षं कुणी हरकत घेतली नाही," असं एकानं सुनावलं. मला ते मुळीच पटत नाही. पानाखाली खंडाचा आकडा दिसला की वाचक विश्वासानं पुढे जातो, म्हणून तर तो आकडा खरा हवा. त्या आयपीच्या पानावर आभार मानले आणि पुढच्या वेळी बदलाचं कारण लिहा, असं कळवलं.

दुसऱ्या विकीवाल्यांनी आठवड्याभरात दुरुस्ती केली. व्हिडिओ अजून तसाच आहे.